पॅनच्या तोंडात मावणारा माणूस

बदलापूर गाव,
डिसेंबर २००७

तीर्थरूप वेणूवहिनींस,

धाकटा दीर आनंदा याचा सविनय जयभीम. दादालाही माझा जयभीम सांगावा (जेवून उठल्यावर सांगा, उपाशीपोटी सांगितलात तर ‘आता काय पाहिजे त्याला’ असं विचारेल). तुमच्या गुडघ्याचं कसं काय? थंडी पडली म्हणजे तो कुरकुरत असणार. इथं मी, यशोधरा आणि तेजस्वी खुशाल आहोत. म्हणजे त्या दोघी खुशाल आहेत. मी सकाळी डबा घेऊन निघेपर्यंत खुशाल असतो आणि संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की पुन्हा खुशाल होतो, मधल्या वेळेची खात्री देता येत नाही. पत्र लिहायला खास असं कारण नाही. आहे, पण ते आधीच सांगितलं तर तुम्ही पुढचं वाचायच्या नाहीत. फोनवर बोललो असतो, पण फोन दादा उचलतो, आणि दादाला भीतीचं काही सांगायची माझी छाती नाही. लहानपणी मी विहिरीला भ्यायचो तर त्यानं मला उचलून विहिरीतच टाकलं होतं. त्याच्याकडे सगळ्या भीतीवर तेवढंच एक औषध आहे.

जुनी कंपनी बंद पडल्यावर मी बरेच दिवस घरी बसलो होतो हे तुम्हाला ठाऊक आहेच. आता अंबरनाथला, मोरिवलीच्या अंगाला एका नव्या कारखान्यात लागलोय. मालक टेकचंद शेठ, उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातले. माणूस वाईट नाही, फक्त त्याला पेपर वाचायची सवय आहे. आधी त्याचा फरसाणचा धंदा होता. तळून तळून काळं झालेलं तेल फेकायचं कुठं या काळजीत असताना त्यानं वाचलं की असल्या तेलाचं डिझेल होतं आणि त्यावर गाडी पळते. झालं! गावाकडं सरकारी माणसं डिझेलासाठी बांधाबांधावर मोगली एरंड लावा म्हणून मागं लागली होती ना, त्यातलाच हा प्रकार. फक्त आमचं शेत म्हणजे उल्हासनगरातल्या झाडून सगळ्या कढया. डब्यांनी तेल येतं, त्यात भजी, पापडाचे तुकडे, एकदा तर अख्खा झारा निघाला. ते गाळायचं, त्यात मेथॅनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून ढवळायचं, की वर डिझेल तरंगतं आणि खाली ग्लिसरीन बसतं. (मेथॅनॉल म्हणजे दारूचा सख्खा भाऊ, पण घरबुडव्या. प्यायलं तर डोळे जातात, नुसतं वाफेत उभं राहिलं तरी डोकं धरतं.) आता हे मेथॅनॉल थोडं जास्तच घालावं लागतं, आणि उरलेलं डिझेलातून परत काढून घ्यावं लागतं. तिथंच वहिनी, माझ्या आयुष्यात पॅन आला.

पॅन म्हणजे तुम्हाला पुरणाचं पातेलं वाटेल, तसं नाही. दोन पुरुष उंचीचं स्टीलचं बंद पिंप, बाहेरून गरम पाण्याचं वेष्टण आणि वरून निघालेली जाडजूड नळी. मोटार लावून आतली हवा ओढून घ्यायची. हवा गेली की मेथॅनॉल नुसत्या कोमटशा गरमीवर उकळतं, वाफ होऊन नळीनं पलीकडं जातं आणि थंड होऊन दुसऱ्या टाकीत पडतं. याला व्हॅक्यूम म्हणतात. केमिस्ट साहेबांनी पहिल्या दिवशी समजावलं की व्हॅक्यूम म्हणजे आत काहीच नसणं. खरं सांगू? आजपर्यंत मी ज्याला ज्याला भ्यालो ते निदान काहीतरी होतं. साप होता, गणिताचे मास्तर होते, दादा होता. काहीच नसलेल्या गोष्टीला भिण्याची ही माझी पहिलीच वेळ. त्यात हा पॅन जुना, गुजरातेतल्या एका बुडालेल्या सॉसच्या कारखान्यातून लिलावात उचललेला. तापला की अजून टोमॅटोचा वास मारतो, आणि तेलाला समोशाचा वास आधीच असतो, त्यामुळे दुपारी पॅन लावला की सगळ्या कारखान्याला सपाटून भूक लागते. मला सोडून.

माझा जोडीदार महिपती हा घाटावरचा, देवभोळा माणूस. त्यानं पॅन आला त्याच दिवशी त्याला हळद-कुंकू लावलं, लिंबू-मिरची बांधली आणि निर्धास्त होऊन तंबाखू मळायला बसला. मला त्याचा हेवा वाटला. आपल्याला बाबासाहेबांनी असल्या गोष्टींतून बाहेर काढलं हे फार थोर झालं, मी तेजस्वीलाही तेच शिकवतो, पण वहिनी, भित्र्या माणसाची त्यात मोठी पंचाईत होते. महिपतीची भीती एका लिंबात गेली. मला ती पूर्ण समजून घेऊन, तिचं कारण शोधून, मग भ्यावं लागतं.

आणि कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही, ते घरातच निघालं. तेजस्वी आता नववीत आहे. तिच्या बाईंनी शाळेत हवेच्या दाबाचा प्रयोग करून दाखवला म्हणून तिनं तो घरी मला करून दाखवला. गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, त्यात थोडं पाणी घालून उकळलं, वाफ भसाभस निघायला लागल्यावर गॅस बंद करून झाकण घट्ट लावलं आणि वरून गार पाणी ओतलं. वहिनी, कुणी हात लावला नाही, कुणी लाथ मारली नाही, आणि तो डबा आपला आपण कड-कड-कड करत आत चेपला. पोटात गुद्दा बसल्यासारखा! तेजस्वी टाळ्या पिटत म्हणाली, पप्पा, आत काही नाही ना, म्हणून बाहेरची हवा त्याला चिरडते. यशोधरा चांगला डबा वाया घालवला म्हणून तिच्यावर ओरडली. मी भरल्या ताटावरून उठलो. तसला डबा आमच्याकडं दोन पुरुष उंचीचा आहे आणि मी रोज त्याला टेकून उभा असतो, हे मी त्या दोघींना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी केमिस्ट साहेबांना विचारलं, तर म्हणाले की पॅनचा पत्रा जाड आहे, काही होत नाही. किती जाड, असं विचारल्यावर ते म्हणाले, आनंदराव, काम करा.

तरी बाहेर उभं राहण्यापुरतं मी निभावलं असतं. खरा लोचा पुढंच झाला. तेलात पाणी राहिलं की डिझेलाबरोबर साबण तयार होतो. साबण पॅनमध्ये गेला की असा काही फेसतो की काचेच्या खिडकीतून पाहिलं तर आत लग्नाचा मांडव फुगल्यासारखा दिसतो. हवा आत सोडून तो फेस बसवेपर्यंत माझं पाणी पाणी होतं. आणि तो बसला की पॅनच्या आतल्या अंगाला काळी खरवड धरते, दूध लागलेल्या पातेल्यासारखी. गरम पाण्यानं धुतली तरी निघत नाही. ती कुणीतरी आत उतरून खरवडून काढावी लागते. आत उतरायला एक गोल तोंड आहे, त्याला मॅनहोल म्हणतात. हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं आमच्या कारखान्यातले मॅन पाहिलेले नव्हते. सॉसवाल्यांकडं कोण काडीपैलवान होता कोण जाणे, त्याच्या मापाचं ते तोंड आहे.

आधी हे काम हिरामण करायचा. वाशिंदकडचा पोरगेला गडी, वाऱ्यानं उडेल असा. एकदा त्याला घाईत उतरवलं, आतली वाफ पुरती गेली नव्हती. थोड्या वेळानं आतून गाणं ऐकू आलं. आम्ही म्हटलं, वा, रंगात आलाय! मग तो हसायला लागला. आम्हीही बाहेर हसलो. मग तो हसायचा थांबला आणि आम्हीही थांबलो. ओढून बाहेर काढला तेव्हा त्याचे पाय त्याचे राहिले नव्हते. दोन दिवस त्याला सगळं धुकट दिसत होतं. डॉक्टरनं वाचवलं, बरा झाला, पण कामावर पुन्हा फिरकला नाही. त्याचे कपडे अजून खुंटीला आहेत. मी त्या दिवशी हसलो होतो, ते हसू मला अजून पचलेलं नाही.

हिरामण गेल्यावर शेठनं एक कडी बनवून घेतली. पॅनच्या तोंडाच्या नेमक्या मापाची लोखंडी कडी, आणि ती शेडमध्ये आम्ही चहा पितो तिथं अँगलला टांगली. कशासाठी ते सांगितलं नाही. दुपारच्या सुट्टीत शेठ म्हणाला, चलो भाई, देखते हैं कौन निकलता है इसमें से. महिपतीनं पोट फुगवलं आणि छातीशीच अडकला. केमिस्ट साहेब नुसतं डोकं घालून परत आले. ड्रायव्हर, वॉचमन, सगळे एकेक करून अडकले आणि हसत बाजूला झाले. मला वाटलं, शर्यत आहे! त्यात कुणीतरी पचकलं की आनंदराव बायकोच्या हातचं खाऊन सुटलेत, त्यांच्यानं काय होतंय. माझ्या डोक्यात हवा गेली. (पॅनमधून काढलेली हवा कुठं जाते ते मला तेव्हा कळलं.) मी दोन्ही हात वर केले, श्वास रोखला आणि सुळकन त्या कडीतून आरपार निघालो. एवढ्यावर भागलं नाही म्हणून उलटा परत आलो, तेही कुणी सांगितलेलं नसताना. टाळ्या पडल्या. शेठनं पाठीवर थाप मारून स्वतःच्या हातानं चहा दिला आणि म्हणाला, शाबास साईं, तू ही अपना आदमी है. मी मागं वळून पाहिलं तर सगळ्यांची फुगलेली पोटं एकदम आत गेली होती. त्या क्षणी मला कळलं की वाट लागली.

मग तो दिवस उजाडला. पॅन धुतला, पंख्यानं आत हवा मारली, माझ्या कमरेला दोर बांधला आणि त्याचं दुसरं टोक महिपतीच्या हातात दिलं. महिपती दोर धरायला चांगला आहे, फक्त तंबाखूची पुडी संपली की त्याला दोर आठवत नाही. श्वास रोखून मी आत उतरलो. काय सांगू वहिनी तुम्हाला! आत आपलाच श्वास आपल्यावर परत येतो. खरवडणीचा एक घाव घातला की घंटेत बसल्यासारखं डोकं घुमतं. वर बघितलं तर उजेडाचं एक ताटाएवढं गोल, आणि त्यात महिपतीचं थोबाड. थोड्या वेळानं वर बघितलं तर नुसतंच गोल. मी हाका मारल्या.  आणि तेवढ्यात घुर्रर्र करून मोटार सुरू झाली.

मला तेलाचा डबा दिसला. कड-कड-कड. मी हातातला बल्ब, खरवडणी सगळं तिथंच टाकून आतल्या पायऱ्यांवरून तोंडाकडं झेप घेतली. डोकं बाहेर आलं, हात बाहेर आले आणि बरगड्यांपाशी मी गच्च बसलो. आत जाताना श्वास रोखला होता ना! बाहेर येताना मी बोंबलत होतो, आणि बोंबलायचं तर छाती फुगवावी लागते. ही गोष्ट त्या कडीनं शिकवली नव्हती. मोटार आमची नव्हतीच, पाण्याचा टँकर आला होता त्याची होती, हे मला लोक ओरडून सांगत होते, पण अर्धा माणूस आत असताना कुणाचं ऐकतो का? आणि नेमका त्याच वेळी शेठ कल्याणच्या स्कूलबसवाल्या पार्टीला कारखाना दाखवायला घेऊन आला. पिंपाच्या तोंडातून मी छातीइतका बाहेर, तोंडाला काळं, डोळ्यांत पाणी. शेठनं पार्टीच्या खांद्यावर हात टाकला. मग म्हणाला, ये हमारे सीनियर ऑपरेटर, क्वालिटी अंदर से चेक करते हैं. आता अशा वेळी माणसानं काय करावं? मी हात जोडून नमस्कार केला. पुढं माझ्या बरगड्यांना आमचंच डिझेल चोळून मला सोडवण्यात आलं. मी जसा सटकन निघालो ते पाहून पार्टीला मालाच्या तेलकटपणाबद्दल काही विचारायचं राहिलं नाही. त्यांनी तिथंच ऑर्डर दिली. शेठ खूश. मी घरी येऊन अंगावर गोधडी घेऊन बसलो तर यशोधरा म्हणाली, तुमच्या अंगाला बटाटेवड्याचा वास येतोय, कुठं खाऊन आलात?

नोकरी सोड म्हणाल. सोडली तर पुढच्या वर्षी तेजस्वीचं दहावीचं वर्ष, आणि सोनिवलीकडं नव्या बिल्डिंगी उठतायत तिथं वॉचमनचं कामसुद्धा ओळखीशिवाय मिळत नाही. म्हणून सोडली नाही, पण शेठपुढं उभा राहिलो. म्हटलं, पंखा सकाळपासून चालल्याशिवाय उतरणार नाही, महिपती जागचा हलणार नाही, आणि मोटारीचा फ्यूज माझ्या खिशात राहील. तिन्ही गोष्टी कबूल झाल्या. तो फ्यूज मी घरीही आणतो. परवा यशोधरानं पॅंट भिजवली तेव्हा मी मोरीकडं असा धावलो की शेजारची जनाबाई विचारायला आली, काय जळलं म्हणून.

पण भीती काही फ्यूज काढून जात नाही. हातात घास घेतला की डबा चेपल्याचा आवाज येतो, घास फिरतो. भीतीनं जेवण जात नाही, जेवण जात नाही म्हणून वाळतोय, वाळतोय म्हणून पॅनमध्ये आणखी अलगद जातो, आणि जातो म्हणून पुन्हा मलाच पाठवतात. गेल्या आठवड्यात शेठनं पुन्हा कडी धरली तर मी श्वास न रोखता निघालो. शेठला कोण आनंद झाला! म्हणाला, दिन-ब-दिन सुधर रहा है. येत्या सोमवारी पुन्हा उतरायचंय. 

बाकी सर्व ठीक. थंडीत बाहेर बसू नका, गुडघ्याला जपा. दादाला पुन्हा जयभीम, तुमच्या सनीला आशीर्वाद.

तुमचा धाकटा दीर,
आनंदा

ता. क. : पत्राचं खरं कारण राहिलंच. वहिनी, डिंकाचे लाडू पाठवा. थोडे नकोत, पिंपभर पाठवा. तूप हात आखडता न घेता घाला. यशोधराच्या बाळंतपणात तुम्ही पाठवलेले लाडू तिनं कमी आणि मी जास्त खाल्ले होते, तेव्हा माझ्या शर्टाची बटणं तुटली होती ते तुम्हाला आठवत असेल. जेवण जात नसलं तरी तुमचा लाडू जाईल. मला फक्त त्या कडीत अडकण्याइतकं जाड व्हायचंय, त्याच्यावर एक बोटही नको.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवणार होतो तेवढ्यात चांगली बातमी आली म्हणून पुन्हा उघडलं. सनीला कुठं चिकटवता आलं तर बघा, असं तुम्ही दिवाळीत म्हणाला होतात. आज शेठजवळ विषय काढला. शिक्षण विचारलंच नाही. अंगानं कसा आहे, एवढंच विचारलं. मी कौतुकानं सांगितलं की शेवग्याच्या शेंगेसारखा आहे, खिडकीच्या गजांतून जातो. शेठ खुर्चीतून उठला! म्हणाला, सोमवारीच बोलाव, काम पक्कं, आणि तू बाहर रस्सी पकड़. वहिनी, मी सुटलो! सनी तसा धीट आहे, विहिरीत स्वतःहून उडी मारतो. रविवारी पाठवून द्या, स्टेशनवर घ्यायला येतो. आज कितीतरी दिवसांनी मी दोन भाकरी खाल्ल्या.

ता. क. तिसरा : सनीला पाठवू नका. हे कालचं पाकीट टाकायच्या आधी आज सकाळी पॅनपाशी गेलो तेव्हा सहज तो दोर हातात घेऊन बघितला, बाहेर उभं राहून कसं वाटतं म्हणून. आत कुणीच नव्हतं, तरी माझ्यानं तो धरवेना. आत असतो तेव्हा मला फक्त माझी भीती वाटते हो. लाडूही पाठवू नका. मी जाडा झालो की शेठ दुसरं कुणीतरी बारीक शोधणार, आणि ते कुणाच्या तरी घरचं असणारच. केलेच असतील तर सनीला चारा, रोज दोन, समोर बसून. दादाला यातलं काही सांगू नका. काकानं खटपटच केली नाही, शहरात जाऊन मोठा झाला, आपल्या माणसांना विसरला, असंच त्या दोघा बापलेकांना म्हणू द्या.